फुईचा गूळ

फुईच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या, कनवटीला गुळाचा खडा कायम असायचा. 1993-94 सालचं धुळं. पहाटे चूल पेटवायला उठली की ती घामाने चिंब व्हायची, भिंतीला टेकून काहीबाही बरळायची. गूळ तोंडात गेला की थोड्या वेळात ताळ्यावर. गल्लीचं निदान ठरलेलं होतं: बाहेरचं आहे. भगत झाला, फिटच्या गोळ्या झाल्या. शेवटी एका डॉक्टरांनी ती बरळत असतानाच रक्तातली साखर तपासली. स्वादुपिंडात नको तेवढं इन्सुलिन सोडणारी गाठ होती, इन्सुलिनोमा.

पोत मोडली, चाळीसगावला गाडी बदलून मुंबई गाठली. स्कॅनमध्ये गाठ दिसेना. सर्जननी पोट उघडून स्वादुपिंड बोटांनी चाचपलं, तेव्हा हरभऱ्याएवढी हाताला लागली. घरी आल्यावर जो तो विचारी, "आते कसं वाटस, फुई?" "बरं वाटस." संपलं. पॅथॉलॉजीचा कागद पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्याखाली गेला, कुणी वाचलाच नाही. अशा दहातल्या नऊ गाठी साध्या असतात, एकदा काढल्या की सहसा परतत नाहीत, म्हणून आमचं अज्ञान खपून गेलं.

माझ्या पुतणीचं वेगळं. जळगावात पित्तखड्यांसाठी सोनोग्राफी केली आणि स्वादुपिंडाच्या शेपटीत गाठ निघाली, न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची. हा शब्द आमच्या घरी पहिल्यांदा आला तो मार्च 2018मध्ये, इरफान खानच्या आजाराच्या बातमीतून. शेपटी आणि प्लीहा काढली. रिपोर्ट आमच्या आधी फॅमिली ग्रुपवर पोचला. केआय-67 दोन टक्के. पेशी किती झपाट्याने वाढताहेत ते हा आकडा सांगतो. तीनच्या आत पहिली श्रेणी, विसाच्या वर तिसरी. लसिकाग्रंथी स्वच्छ होत्या. मावसभावापासून व्याह्यांपर्यंत सगळे आता यावर अधिकारवाणीने बोलतात.

तरी डॉक्टरांनी "सुटलात" म्हटलं नाही. ही गाठ काही वर्षांनीही, बहुधा यकृतात, डोकं वर काढू शकते. म्हणून दहा वर्षं स्कॅन. परतलीच तर महिन्याची इंजेक्शनं आहेत, ल्युटेशियमचा किरणोत्सारी उपचार आहे. फुईच्या वेळी यातलं काही नव्हतं. पण फुईला एकदाच भ्यावं लागलं. पुतणी दर स्कॅनआधी आठवडाभर धड जेवत नाही, आणि रिपोर्ट उघडायला फोन माझ्या हातात देते.

परवा पुतणी स्कॅनला निघताना फुईने तिच्या पर्समध्ये गुळाचा खडा कोंबला. तिला साखर कमी होण्याचा आजारच नाही, हे मी सांगितलं नाही.