तळघरातला गारवा
कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या परिसरातील एखाद्या बंगल्यात बिअरसाठी तळघर करायचे, तर त्याचे पूर्वरूप सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवण्यासाठी जमिनीत खणलेल्या अरुंद तोंडाच्या कोठारांत, शोधावे लागते. माती उष्णता सावकाश आत येऊ देते, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. बिअरला मात्र साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसचा गारवा हवा आणि तो इथल्या जमिनीतून आपोआप मिळत नसल्याने यंत्राचा आधार घ्यावाच लागतो. सजावटीत हौस आधी दिव्यांकडे धावते, आणि नेमकी तीच घातक. कारण हॉप्स, म्हणजे कडवटपणा देणारी वेलीची फुले, यांतील घटक प्रकाशाने बदलून बिअरला उग्र वास येतो; हा प्रकाश तपकिरी बाटली बराच रोखते, हिरवी फारसा नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार लागणारा परवाना चौकटीत लावला, तर तीही सजावटच.