रेघ घाबरली की खोका वाकतो

पेणला गणपतीचे कारखाने आहेत, म्हणून इथली सगळी मुलं चित्रात हुशार असतील असं बाहेरच्यांना वाटतं. माझ्या वर्गात मात्र साधा खोका काढायचा म्हटलं की मुलं आधी पट्टी नि खोडरबर मागतात. काही जण तर "बाई, मला नाही जमत" म्हणून वहीच मिटतात. भीती चुकण्याची असते.

मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर बघा. हातात पट्टी नसते. रेघ कुठे संपवायची ते आधी ठरलेलं असतं, मग ब्रश एका दमात फिरतो.

वर्गात असं करून बघा. डोळ्यांच्या उंचीची एक आडवी रेघ, तिच्यावर एक बिंदू. बिंदूच्या बरोबर खाली खोक्याचा समोरचा चौकोन. वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून बिंदूकडे जाणाऱ्या रेघा. मागची कड समोरच्या कडेला समांतर. झाला खोका! हात मनगटातून नाही, खांद्यातून हलू द्या. नजर पेन्सिलीच्या टोकावर नको, बिंदूवर ठेवायला सांगा. रेघ चुकली तर खोडायची नाही, शेजारी दुसरी काढायची.

रोज 10 खोके पुरेत. पानांवर तारीख घाला. महिन्याने पहिलं नि शेवटचं पान मुलापुढे ठेवा. जमतंय की नाही, ते त्याचं तोच सांगेल.