दोनशे येनांचे एक चित्र

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत सध्या दोन तट पडले आहेत. निवडणुकीवरून नव्हेत, क्रिकेटवरूनही नव्हेत. २०१६ सालच्या जपानी ॲनिमे चित्रपटांत संगीत कोणाचे सरस आणि चित्रे कोणाची सरस, यावरून! ॲनिमे म्हणजे चित्रे काढून केलेला जपानी चित्रपट. वडीलधाऱ्या वाचकांना ‘डोरेमॉन’ ठाऊक असेलच. तो लावल्याशिवाय नातवंडे घास गिळत नाहीत. तो त्याच घराण्यातला. पण या मुलांचे वेड त्याच्या पुष्कळ पुढे गेले आहे. २०१९ साली माकोतो शिनकाई या दिग्दर्शकाचा ‘वेदरिंग विथ यू’ आपल्याकडे लागावा म्हणून भारतातल्या चाहत्यांनी ५० हजारांहून अधिक सह्या जमवल्या आणि तो लागलाही. सह्यांच्या मोहिमांत आमची निम्मी हयात गेली. इतक्या झटपट मान्य झालेली मागणी आम्हांला तरी आठवत नाही.

नेमके २०१६ सालच का? तर ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांत जपानात तीन चित्रपट लागले आणि तिन्ही नावाजले गेले. पहिला शिनकाईंचाच ‘युअर नेम’. डोंगरातल्या गावची मुलगी आणि तोक्योतला मुलगा झोपेत एकमेकांच्या शरीरात जातात, आणि वर आकाशात धूमकेतू. पावसाने ओली झालेली सडक, आगगाडीच्या दारातले ऊन, सगळे असे रंगवले आहे की मुले चित्र थांबवून थांबवून पाहतात. संगीत रॅडविम्प्स या बँडचे. चित्रपट आकार घेत असतानाच बँड आणि दिग्दर्शक यांची देवाणघेवाण चालू होती, म्हणून गाणे मध्येच घुसल्यासारखे वाटत नाही. मुलांचा एक तट याच्या बाजूचा. “काका, अंगावर काटा येतो,” एवढा एकच मुद्दा ते पुन्हा पुन्हा मांडतात. चित्रे देखणी आहेत, यात वाद नाही. आम्हांला ते आकाश जरा जास्तच धुतलेले वाटते, एवढेच.

दुसरा तट ‘अ सायलेंट व्हॉइस’चा. तो क्योतो ॲनिमेशन या कंपनीने केला. दिग्दर्शन नाओको यामादा या बाईंचे. शाळेत ऐकू न येणारी एक मुलगी येते. वर्गातली मुले तिला छळतात, तिच्या कानातले यंत्र ओढून फेकतात. पुढे छळणाऱ्या मुलावरच वर्ग उलटतो आणि तो एकटा पडतो. त्याला कोणाकडे मान वर करून पाहवत नाही. म्हणून त्याच्या नजरेने दाखवलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर मोठ्या फुल्या मारल्या आहेत. वर्गात एकटे बसवले जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

याचे संगीत केन्सुके उशिओ यांचे. त्यांनी साध्या उभ्या पियानोच्या आत मायक्रोफोन ठेवले. त्यामुळे सुराबरोबर पट्टी दाबल्याचा, नमद्याची हातोडी तारेवर पडल्याचा, लाकूड कुरकुरल्याचा बारीक आवाजही येतो. दुसऱ्या तटाची पुढारी बारावीतली एक मुलगी आहे. ती म्हणाली, “ज्याला कमी ऐकू येतं ना काका, त्याला सूर नाही, धक्का कळतो. हे धक्क्याचं संगीत आहे.” तिचे आजोबा गिरणीत थ्रॉसल खात्यात होते, यंत्रांच्या घरघरीत त्यांचे कान गेले. घरी गाणी लागली की ते टेबलावर तळवा ठेवून बसतात. तेव्हा ती हे पुस्तकातले बोलत नव्हती.

आमचे मत मात्र तिसऱ्या चित्रपटाला आहे. सुनाओ काताबुची यांचा ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’. हिरोशिमाची एक मुलगी लग्न होऊन कुरे या नौदलाच्या बंदरात नांदायला जाते. युद्ध, रेशन, पाणी भरणे, मोजक्या तांदळात घर भागवणे. तिला चित्रे काढण्याचा छंद. आणि बॉम्बमध्ये तिचा उजवा हातच जातो. आज हिरोशिमात जिथे शांती उद्यान आहे तिथे अणुबॉम्बपूर्वी भरवस्ती होती. जुनी छायाचित्रे शोधून, म्हाताऱ्या माणसांना विचारून दिग्दर्शकाने ती दुकाने, ते रस्ते उभे केले. पैसा मिळेना, तेव्हा २०१५ साली वर्गणी काढली. ३,३७४ लोकांनी मिळून ३ कोटी ९० लाखांहून अधिक येन दिले. त्या वर्गणीदारांची नावे शेवटी पडद्यावर येतात आणि नावांबरोबर एक छोटी चित्रकथाही चालू राहते. कोत्रिंगो या गायिकेचे संगीत इतके हळू आहे की आमच्या मुलांना झोप आली. २०१७ साली जपान अकादमीचे पारितोषिक सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनसाठी याला मिळाले आणि संगीताचे रॅडविम्प्सला. हे सांगून वाद मिटेल असे आम्हांला वाटले होते. तो वाढला.

हे सारे गमतीचे चालले असते. पण त्या बारावीतल्या मुलीचे वडील एका संध्याकाळी ड्युटीवरून परस्पर आमच्याकडे आले. महापालिकेच्या सफाई खात्यात आहेत. जय भीम करून बसले आणि म्हणाले, “भाऊ, पोरगी म्हणते हे चित्रांचं काम शिकणार. त्यात पोट भरंल का?”

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. उत्तर आकड्यांत शोधायची खोड. जपानात या धंद्यात दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रे नवशिके काढतात, आणि पुष्कळांना पगार नसतो. नगावर मजुरी. एका चित्राला साधारण २०० येन, असे तिथले कामगार वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. महिन्याला ५०० चित्रे काढली तर लाख येन, आणि त्यात तोक्योचे घरभाडे. आपल्याकडे विडी कामगार बायका हजारी हिशेबाने मजुरी घेतात, तसलाच हा प्रकार. ज्या आकाशावर मुले जीव टाकतात, तसल्या आकाशाखालची हलती माणसे या हिशेबात काढलेली असतात.

पण तिच्या आवडत्या चित्रपटाची गोष्ट जरा निराळी निघाली. योको हात्ता या बाई लग्न होऊन क्योतोकडे आल्या. त्यांना चित्रे रंगवण्याचे काम येत होते. १९८१ साली शेजारपाजारच्या गृहिणींना हाताशी धरून त्यांनी ते सुरू केले. त्यातून क्योतो ॲनिमेशन उभी राहिली. तिथे कामगारांना महिन्याचा पगार, कंपनीचीच शिकवण्याची सोय आणि बायकांची संख्या मोठी. चांगले चित्र निघायला चित्रकाराला रोजच्या भाकरीची चिंता नसावी लागते, हे त्या कंपनीने कामातून दाखवले. १८ जुलै २०१९ रोजी एका माथेफिरूने तिथे पेट्रोल ओतून आग लावली. ३६ माणसे गेली. ‘अ सायलेंट व्हॉइस’मधली माणसे ज्यांनी चितारली ते फुतोशी निशिया त्यांत होते. हे आम्ही अभ्यासिकेत सांगितले त्या रविवारी कोणी वाद घातला नाही.

वडिलांना आम्ही सांगितले ते असे. मुंबई-पुण्यात हे काम आहे, त्यातले बरेचसे परदेशी कंपन्यांचे. खासगी क्लासची फी लाखांच्या घरात जाते. जाहिरात पाहून दागिना मोडू नका. आधी मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेची प्रवेश परीक्षा देऊ द्या. शिष्यवृत्तीची कागदपत्रे आम्ही पाहू; जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आतापासून काढून ठेवा. आणि क्लासवाल्याकडे जायचेच झाले तर पहिला प्रश्न हा विचारा, की मागच्या वर्षी किती मुले कामाला लागली, आणि पगारावर की नगावर?

ते बराच वेळ गप्प होते. मग विचारले, “ते बहिऱ्या मुलीचं पिक्चर आमच्या म्हाताऱ्याला दाखवता येईल का?”

येत्या रविवारी आजोबांना आणायचे ठरले आहे. स्पीकर लाकडी टेबलावरच ठेवायचा, असे मुलीने बजावले आहे. ‘युअर नेम’वाल्यांनी मात्र अट घातली आहे, की त्यांना दोन्हीकडचे संगीत ऐकवायचे आणि मगच कौल घ्यायचा.