रेंज नसलेले तीन दिवस

पुणे, 10 जुलै

ती. बाबांस,

स्पितीच्या प्रवासाचं हे सगळं समोर बसून सांगितलं असतं, तर तुम्ही नुसतं ‘बरं, बरं’ म्हणाला असतात. म्हणून लिहून ठेवतेय.

काझ्यापर्यंत फोन अधूनमधून लागेल. त्यासाठी बीएसएनएलचं कार्डही घेतलंय. 22 तारखेला सकाळी काझा सोडू. लोसर हे शेवटचं गाव. त्यापुढे 4,551 मीटरवरची कुंझुम खिंड, चंद्रतालला दोन मुक्काम, मग बातल, छत्रू. या पट्ट्यात रेंज नाही, असंच धरून चाला. 24 ला संध्याकाळी अटल बोगद्याजवळ पोचलो की पहिला फोन तुम्हाला.

मोबाइलच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की एका दरीतला टॉवर शेजारच्या दरीच्या उपयोगाचा राहत नाही. त्यात टॉवरला वीज हवी, खालून आलेली केबल हवी. एखाद्या दरडीने ती केबल तोडली की अख्खी दरी मुकी होते. स्पितीतल्या ग्यू गावात पहिल्यांदा मोबाइल वाजला तो थेट 2024 च्या एप्रिलमध्ये! मी तीन दिवस बोलले नाही तर काय बिघडतं? पण भर बर्फात, मध्यरात्री तिथल्या एखादीला कळा सुरू झाल्या, तर तिच्या माणसांनी गाडी कशी बोलवायची? ‘डोंगरात रेंज नाही हीच तर मजा’ असं कुणी म्हणालं की मला मनापासून राग येतो.

हरिश्चंद्रगडाची ती रात्र मी विसरलेले नाही, बाबा. वाट चुकलो, खिरेश्वरला उतरायला रात्रीचे अकरा वाजले, आणि परतीच्या वाटेवर फोन एकदम थरथरायला लागला. तुमचे सत्तावीस मिस्ड कॉल. घरी आले तेव्हा तुम्ही खिडकीजवळच्या खुर्चीतच होतात. बाजूला कपात चहा, त्यावर जाड साय धरलेली. तुम्ही रागावला नाहीत, ‘जेवलीस का?’ एवढंच विचारलंत. चूक रेंजची नव्हती. ‘संध्याकाळी सहानंतर फोन लागणार नाही’ हे मी सकाळी सांगायला हवं होतं.

म्हणून आता नीट सांगते. बातल-छत्रूच्या बाजूला दुपारी बर्फ वितळून नाले चढतात, गाड्या अडकतात, एखादी रात्र वाटेतच जाते. तेव्हा 24 ला फोन आला नाही तर घाबरायचं नाही. 25 च्या संध्याकाळपर्यंतही आला नाही, तर आधी मनालीच्या गाडीवाल्याच्या घरी, मग काझा पोलीस ठाण्यात फोन लावा. दोन्ही नंबर पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहिलेत. पुण्याहून 112 लावू नका, तो महाराष्ट्राच्या कक्षात लागेल. आमच्याकडे 112 चालेल, पण कुठल्या तरी कंपनीचा टॉवर पोचत असेल तरच. उपग्रह फोन परवानगीशिवाय बाळगता येत नाही, त्यामुळे तो नाही.

रेंज शोधत राहिला की फोनची बॅटरी भराभर उतरते, म्हणून तिथे मी तो फ्लाइट मोडवर ठेवणार आहे. नकाशे आधीच उतरवून घेतलेत. जीपीएसला टॉवर लागत नाही, त्यामुळे वाट कळेल.

22 ला सकाळी काझ्याहून ‘आता रेंज जाईल’ असा मेसेज येईल. तो आला की त्या रात्री पलंगावर झोपा, खुर्चीत नको. आणि चहा गरम असतानाच प्या.

तुमची,
सुमी