टँकर आणि विहीर

मुंबईहून कसाऱ्याची लोकल पकडलीत आणि आसनगावला उतरलात, की माहुलीचा डोंगर दिसतो. त्याचे उभे सुळके बघून माझ्या वर्गातली पोरं म्हणतात, "गुरुजी, डोंगरानं हजेरीला बोटं वर केलीत!" तिथून जवळच शहापूर. हा आमचा तालुका.

तुमच्यापैकी जे मुंबईत राहतात, त्यांनी आज सकाळी दात घासले ते बहुधा आमच्याच पाण्यानं. तानसा, मोडकसागर, भातसा ही तिन्ही धरणं आमच्याकडची. तानसा तर १८९२ सालचं! आणि एकट्या भातशातून मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा जातो. पण मे महिन्यात आमच्याच कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत उभे असतात. ही रांग लक्षात ठेवा. पुढे तिचं काम आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावचा कबड्डीचा संघ मुरबाड तालुक्यात सामन्यांना निघाला. मीही पाच-सहा पोरं घेऊन टेम्पोत चढलो. सापगावच्या पुलावरून भातसा नदी ओलांडली. भाताची झोडणी झाली होती, रिकाम्या शेतांत वाल उगवून आला होता. पुढे काळू नदी आली आणि समोर सह्याद्रीची भिंतच उभी राहिली. पोरांना म्हटलं, "त्या रांगेत सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथं इंग्रजांच्या पोलिसांशी लढताना हुतात्मा झाले." पोरं क्षणभर गप्प झाली. मग लगेच म्हशाच्या जत्रेतल्या बैलांच्या गप्पा सुरू!

मैदानावर दिवे लागले होते. माती चाळून, पाणी मारून, चुन्याच्या रेघा आखल्या होत्या. आमचे सात खेळाडू उतरले आणि पोरं एकमेकांकडे बघायला लागली. सातांतले दोघे आमच्या गावचे नव्हतेच! मंडळानं ते पैसे देऊन बाहेरून आणले होते.

माझा एक जुना विद्यार्थी बनियन घालून कडेला बसला होता. सतरा वर्षांचा, डाव्या कोपऱ्यात पकड करणारा. अख्खा पावसाळा तो पाड्यावरून चालत सरावाला यायचा. झोडणी संपल्यावर खळ्यातच सराव करायचा. त्याची जागा पाहुण्यानं घेतली होती.

पहिला सामना जिंकलो. पाहुण्यांच्या चढाया खरोखर बघण्यासारख्या होत्या, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या सामन्यात मात्र त्यातला एक लंगडायला लागला आणि आम्ही हरलो. पाहुण्यांनी पाकीट घेतलं, मोटरसायकलला किक मारली आणि गेले. आमचा पोरगा बनियनची घडी घालत म्हणाला, "गुरुजी, पुढच्या वर्षी मी नाय येत. भिवंडीला गोडाऊनमध्ये काम मिळतंय."

परतताना टेम्पोत भांडण जुंपलं. मंडळाचे एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "पोरगा तयार व्हायला पाच वर्षं लागतात, गुरुजी. वर्गणी देणारा चषक यंदा मागतो!" त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मग मी त्यांना गोव्याच्या डेम्पो क्लबची गोष्ट सांगितली, कारण हाच प्रश्न मोठमोठ्या फुटबॉल क्लबांनाही पडतो.

डेम्पोनं पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं. २००४-०५ आणि २००६-०७ला राष्ट्रीय लीग, मग २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ला आय-लीग. त्या संघात रँटी मार्टिन्स हा नायजेरियाचा खेळाडू होता. २०११-१२च्या एका मोसमात त्यानं ३२ गोल केले! म्हणजे बाहेरचा खेळाडू होताच. पण त्याच्याभोवती कोण होतं? महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा. सगळे गोव्याचे. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो, तेही गोव्याचेच.

मग दिवस फिरले. इंडियन सुपर लीग आली, तिथं पैसा आला. २०१६मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही गोवेकर क्लबांनी आय-लीग सोडली. डेम्पोनं जुन्या गोव्याजवळच्या एला इथल्या आपल्या अकादमीत मुलं घडवण्यावर भर दिला. ना मोठी गर्दी, ना मोठा चषक. वर्षामागून वर्षं गेली. २०२४-२५च्या मोसमात डेम्पो पुन्हा आय-लीगमध्ये उतरला. प्रशिक्षक कोण? तोच समीर नाईक!

आठ वर्षं लागली, बरं का. आणि परत आल्यावर लगेच विजेतेपद मिळालं, असंही नाही.

स्पेनमधला ॲथलेटिक बिल्बाओ तर बास्क प्रदेशातले किंवा तिथं घडलेलेच खेळाडू घेतो. तरी तो पहिल्या श्रेणीतून कधीच खाली घसरला नाही. पण राजाचा चषक १९८४नंतर त्याला पुन्हा मिळाला तो थेट २०२४मध्ये. चाळीस वर्षं वाट बघायची म्हणजे चेष्टा नाही!

एवढं ऐकून कार्यकर्ते हसले. "गुरुजी, आमची वर्गणी चाळीस वर्षं थांबेल का?" उत्तर देणार, तेवढ्यात टेम्पोच्या दिव्यात एका पाड्यावरचा रिकामा टँकर दिसला. मी म्हटलं, "दादा, विकत आणलेला खेळाडू म्हणजे टँकर. तहान लागली की हवाच. पण टँकर आहे म्हणून विहीरच खणायची नाही, असं कुणी करतं का?"

ते गप्प बसले. मीही बसलो, कारण विहिरीचीही अडचण मला माहीत होती. खणलेल्या विहिरीचं पाणीसुद्धा दुसरीकडे जातं. पोरगा तयार झाला की मुंबईचा संघ बोलावतो, नाहीतर पोटासाठी गोडाऊन बोलावतं. धरण आमचं आणि हंडे रिकामे, तसंच ते.

पाडव्याच्या बैठकीत मंडळानं ठरवलं, यंदा बाहेरचा एकच खेळाडू आणायचा. त्यानं नुसतं खेळायचं नाही, दर रविवारी पोरांना शिकवायचंही. उरलेल्या पैशांतून पोरांसाठी बूट आणि गुडघ्याचे पट्टे. आणि संध्याकाळी लहान मुलांचा सराव घ्यायला त्या सतरा वर्षांच्या पोराला थोडं मानधन. तो लगेच 'हो' म्हणाला नाही. भिवंडीचं काम सोडणं त्याच्या घराला परवडणारं नाही.

पण गेल्या रविवारी सुट्टी होती. सकाळी शाळेमागून "कबड्डी, कबड्डी" ऐकू आलं म्हणून बघायला गेलो. पाचवी-सहावीची दहा-बारा पोरं मातीत लोळत होती. मधोमध तो उभा राहून ओरडत होता, "अरे, पाय नको बघू! त्याच्या डोळ्यांकडं बघ!"

तुमच्या शाळेच्या संघात कोण कडेला बसलेलं असतं? उद्या त्याला एक चढाई करू द्या बरं!