बुडाली की बुडवली?

'बुडणे' आणि 'बुडवणे' या दोन क्रियापदांमध्ये एका 'व'चे अंतर आहे. प्रयोजक क्रियापदे शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे हीच जोडी फळ्यावर लिहीत आलो आहोत. पहिलीत कर्ता सोसतो, दुसरीत तो दुसऱ्यास सोसायला लावतो. उदाहरणे विद्यार्थीच पुरवतात : नाव बुडते, कर्ज बुडवतात, तास बुडवतात. (शेवटचे उदाहरण देणारा बहुधा त्या विषयातला अधिकारी असतो.) व्याकरणातला हा भेद एखाद्या यंत्राच्या जिवाशी निगडित असू शकतो, याचा प्रत्यय मात्र वर्गाबाहेर, बोर्डीच्या किनाऱ्यावर आला.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमचा एक माजी विद्यार्थी तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, वारली कुटुंबातला. मराठी घेऊन बी.ए. झाला, काही काळ उंबरगावच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे रोजंदारी केली, आणि मग पतपेढीचे कर्ज काढून त्याने एक जुनी 'एटीव्ही' घेतली. चार जाड, फुगीर चाके, मोटरसायकलसारखी दांडी, मध्ये एका सिलिंडरचे इंजिन. वाळू, चिखल, खडक कुठेही चालणारी ही गाडी. सुट्टीच्या दिवशी पर्यटकांना किनाऱ्यावर फिरवायचे आणि महिन्याचा हप्ता भरायचा, हा हिशेब. कुठेही चालणारी म्हणजे पाण्याखालीही चालणारी नव्हे, हे जाहिरातीत लिहिलेले नसते.

बोर्डीचा किनारा फार सपाट आहे. ओहोटीला पाणी इतके दूर जाते की समुद्र आहे कुठे, असे नवख्यास वाटावे. जाताना जसे दूर जाते तसेच येताना ते चहूबाजूंनी येते. आधी वाळूतल्या खोलगट खाचा भरतात आणि मागे वळून पाहावे तो परतीची वाट पाण्याखाली गेलेली असते. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे. गेल्या वर्षीची भाऊबीज. म्हणजे द्वितीया, म्हणजे दीडचा सुमार. शिवाय अमावास्या नुकतीच उलटलेली, त्यामुळे उधाण. किनाऱ्यावरच्या मांगेल्यांच्या घरात हा हिशेब पोरासोरांना येतो. आमचा विद्यार्थी डोंगराकडचा. त्याला इंजिन कळत होते, समुद्र कळत नव्हता. साडेअकराच्या सुमारास गाडीची मागची चाके ओल्या वाळूत रुतली, आणि ती काढण्याच्या धडपडीतच पाणी पायटे ओलांडून वर आले. त्या क्षणी त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केले आणि उतरून बाजूला झाला. पुढचे चार तास ती गाडी तिथेच होती. दांडीचे टोक तेवढे मधूनमधून दिसे.

आम्ही त्या दिवशी जवळच्याच एका चिकूवाडीत स्नेह्यांकडे उतरलो होतो. पाणी ओसरल्यावर ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी वर ओढली, तेव्हा आम्हीही तिथे होतो. जमलेल्या वीसपंचवीस जणांचा एकच आग्रह होता : "अरे, सेल्फ मारून तर बघ!" सहानुभूतीचा इतका घातक प्रकार आम्ही क्वचितच पाहिला आहे. तो हात पुढे करणाऱ्यांना अडवत म्हणाला, "सर, यांना सांगा ना. आत्ता सुरू केली तर मेलीच समजा."

कारण साधे आहे. इंजिनात दट्ट्या वर येतो तो हवा दाबण्यासाठी. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन जोराने फिरवले की वर येणारा दट्ट्या पाण्यावर आदळतो, आणि त्याला जोडलेला दांडा वाकतो किंवा मोडतो. पाण्याने जे केलेले नसते ते बटणावरचे बोट करते. म्हणूनच, डहाणूहून जे मिस्त्री आले (वय साठीचे, उभा जन्म मच्छीमारांच्या बोटींच्या इंजिनांत गेलेला), त्यांनी गाडीकडे न पाहता पहिला प्रश्न विचारला : "चालू असताना बुडाली की बंद असताना?"

"बंद केली होती, काका."

"नंतर कुणी हात लावला?"

"नाही."

"मग होईल."

हा प्रश्न विमा कंपन्याही विचारतात, फक्त वेगळ्या मराठीत. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या; 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हाही तेच दृश्य. पाणी ओसरते, माणूस चिखलातून आपल्या गाडीपाशी येतो, आणि किल्ली फिरवतो. पूर ही नैसर्गिक आपत्ती, तिची भरपाई सर्वसमावेशक विम्यात असते. परंतु बुडालेली गाडी सुरू करू पाहिल्याने इंजिनाचे जे होते त्यास 'परिणामजन्य नुकसान' म्हणतात, आणि त्यासाठी इंजिनाचे वेगळे जोडसंरक्षण घेतलेले नसल्यास दावा बहुधा नाकारला जातो. विम्याची कलमे आम्ही साहित्याचे विद्यार्थी म्हणून वाचतो तेव्हा त्यांचे मर्म त्या एका 'व'त सापडते : गाडी बुडाली असेल तर आमची, बुडवली असेल तर तुमची. कायद्याच्या दृष्टीने यात तर्क असेलही; पण ज्याचे घर कमरेइतक्या चिखलात आहे, त्याच्या थरथरत्या बोटाला कर्तृपद बहाल करणे आम्हांस क्रूर वाटते. आमच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पडला नाही. त्याच्या गाडीला विमाच नव्हता.

आता प्रत्यक्ष काम. सर्वप्रथम बॅटरीच्या तारा सोडवल्या. मग वाडीतल्या विहिरीवरचा पंप लावून गाडी धुवायला घेतली. बुडालेल्या यंत्रास पुन्हा पाण्याने न्हाऊ घालणे आम्हांस विचित्र वाटले, पण मिस्त्रींचे म्हणणे असे की पाण्यापेक्षा मीठ वाईट. पाणी वाळते, मीठ मागे राहते आणि अॅल्युमिनियम, तांबे, पोलाद सावकाश खात बसते. गोड्या पाण्यात बुडालेली गाडी एक दिवस थांबेल, खाऱ्यातली थांबत नाही. जिथे जिथे खारे पाणी शिरले असेल तिथे तिथे गोडे पाणी पोचले पाहिजे.

एअर फिल्टरच्या डब्यातून पेलाभर पाणी आणि एक जिवंत खेकडा निघाला. गाडी मागच्या बाजूवर उभी केली, तेव्हा सायलेन्सरमधून धार लागली. प्लग काढला आणि दोरी ओढून इंजिन हलक्या हाताने फिरवले. प्लगच्या भोकातून पाण्याची पिचकारी वर उडाली. बटण दाबले असते तर हेच पाणी आत कोंडलेले असते. पाणी उडणे थांबेपर्यंत दोरी ओढायची, मग भोकात थोडे ऑइल सोडायचे, म्हणजे सिलिंडरला गंज धरत नाही. त्यानंतर खालचा बोल्ट उघडला. आधी निव्वळ पाणी आले (जड म्हणून ते तळाशी) आणि मग दुधाळ, चहाच्या रंगाचा एक घट्ट द्रव. पाणी मिसळलेले ऑइल ते हेच. त्यात वंगणाचा गुण उरत नाही. नवे ऑइल भरायचे, इंजिन फिरवायचे, पुन्हा काढायचे. दुसऱ्या खेपेस रंग कमी झाला, तिसऱ्या खेपेसही किंचित राहिलाच. ऑइलच्या प्रत्येक डब्यागणिक विद्यार्थी मनातल्या मनात हप्त्याची बेरीज करीत असावा. तो बोलत नव्हता.

पेट्रोलची टाकी रिकामी केली, कार्बोरेटरची वाटी उघडून पुसली, बेल्टच्या कप्प्यातले पाणी काढले, मागच्या धुऱ्याचे ऑइल बदलले. सर्वांत वेळ वायरींच्या जोडांना लागला. एकेक जोड उघडून धुवायचा, वाळवायचा, ग्रीस लावून बंद करायचा. दोन दिवस हेच.

या दोन दिवसांत आम्ही विद्यार्थ्याचे बोलणे ऐकत होतो. मिस्त्री निम्म्या वेळा गुजराती मिसळून बोलत. तो त्यांचे म्हणणे आपल्या चुलतभावांना समजावून सांगे. 'जर पाणी आलं तर थांबायचं, नाही आलं तरच पुढे', 'आधी हे, ते झाल्याशिवाय हे नाही.' संकेतार्थ, क्रम, निषेध. उपयोजित मराठीच्या अभ्यासपत्रिकेत आम्ही जे मागतो ते सारे त्याच्या बोलण्यात काटेकोर होते. याच विद्यार्थ्याला त्या विषयात शंभरांपैकी बेचाळीस गुण मिळाले होते. प्रश्न होता 'ग्रंथालयास पुस्तके मागविणारे पत्र लिहा'. मराठी विश्वकोशात पिस्टनला दट्ट्या हा नेटका शब्द आहे, भाषा संचालनालयाने परिभाषा कोश केले आहेत, आणि गॅरेजात पिस्टनच म्हणतात. यात आम्हांस फारसे दुःख नाही. दुःख याचे आहे की बुडालेली गाडी कशी जगवावी याचे चार पाने सलग, अचूक मराठी गद्य पाठ्यपुस्तकात नाही, आणि ते लिहू शकेल असा माणूस आमच्या गुणपत्रिकेत जेमतेम उत्तीर्ण आहे. आम्ही त्याला ते लिहून दे म्हटले. "आधी चालू होऊ दे, बाई," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी नवा प्लग लावून त्याने दोरी ओढली. सहाव्या ओढीला इंजिन खोकले, अकराव्या ओढीला धरले. पांढरा धूर बराच वेळ येत राहिला. मिस्त्रींनी ती वाफ असल्याचे सांगितले आणि पाच मिनिटांनी इंजिन बंद करून चौथ्यांदा ऑइल काढायला लावले. या वेळी ते स्वच्छ होते. त्यांनी त्यात बोट बुडवून पाहिले, चड्डीला पुसले आणि डहाणूची गाडी गाठायला निघाले.

नाताळपर्यंत पुढच्या डाव्या चाकाचे बेअरिंग वाजू लागले होते आणि सेल्फ मोटार गंजून गेली होती. बेअरिंग त्याने बदलले. सेल्फ महाग पडतो म्हणून गाडी अजून दोरीनेच सुरू होते. जानेवारीत त्याने वहीची साडेतीन पाने लिहून आणून दिली आहेत. ती आम्ही यंदा प्रथम वर्षाच्या वर्गात वाचून दाखवणार आहोत. शुद्धलेखन सोडून कशालाही हात लावलेला नाही. पहिल्या पानावर, सर्वांत वर, त्याने इंजिनाविषयी नव्हे तर तिथीची पाऊणपट कशी करायची ते लिहिले आहे.