आठवी सिंफनी आणि अम्मीचा शब्द

पाश्चात्त्य संगीत ऐकतो म्हटले की आमच्या मोहल्ल्यात आजही भुवया उंचावतात. काहींचा आक्षेप धार्मिक असतो, तर काहींना ते सरळ श्रीमंतांचे खूळ वाटते. आम्ही वाद घालत नाही. मुंबईच्या काळा घोडा भागात रिदम हाऊस नावाचे दुकान होते. ते 2016 साली बंद झाले. तिथून पगाराच्या दिवशी घेतलेल्या सीडींमध्ये एक होती आंतोन ब्रुकनरची आठवी सिंफनी. कारायान यांनी 1988 साली व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून वाजवून घेतलेली. पुढे वर्षभराच्या आत कारायान वारले. त्या मुद्रणात घाई नाही, गाऱ्हाणे नाही. एक वयस्क माणूस शांतपणे आवराआवर करतो आहे असे वाटते.

ब्रुकनरचा जन्म 1824 सालचा, ऑस्ट्रियातल्या आन्सफेल्डेन या खेड्यातला. बाप शाळामास्तर. तो लवकर गेल्यावर पोराला सेंट फ्लोरियनच्या मठात गाणारा मुलगा म्हणून ठेवले. पुढे तो तिथेच ऑर्गन वाजवू लागला आणि आज त्याच ऑर्गनखाली त्याची कबर आहे. माणूस सश्रद्ध आणि भिडस्त. स्वतःपेक्षा दुसऱ्याच्या मतावर जास्त भरवसा ठेवणारा.

1887 साली आठवी सिंफनी पुरी करून त्याने ती हेर्मान लेवी या म्युनिकच्या संचालकाकडे मोठ्या विश्वासाने पाठवली. दोनच वर्षांपूर्वी लेवींनी त्याची सातवी गाजवली होती. पण आठवी त्यांना उमगली नाही. नकार थेट कळवायला जीभ रेटेना, म्हणून त्यांनी ब्रुकनरच्या एका शिष्यामार्फत तो पोचवला. ब्रुकनर कोलमडला. मग त्याने सिंफनी पुन्हा लिहायला घेतली आणि 1890 साली दुसरी प्रत तयार झाली. 1892 च्या डिसेंबरात व्हिएन्नात हान्स रिख्टर यांनी वाजवली ती ही दुसरी प्रत. लोकांनी ती डोक्यावर घेतली. पहिली प्रत मात्र छापून यायला 1972 साल उजाडले आणि तिचे पहिले ध्वनिमुद्रण 1982 साली एलियाहू इन्बाल यांनी फ्रँकफुर्टच्या रेडिओ वाद्यवृंदाकडून केले.

ते इन्बाल यांचे मुद्रण हाती आले तेव्हा आम्ही रागातच ऐकायला बसलो. गरीब माणसाच्या कलाकृतीची लोकांनी कापाकापी केली असणार, अशी आमची खात्री होती. कारण तसे आमच्याही बाबतीत घडले होते.

अम्मी गेली त्या वर्षी आम्ही तिच्यावर एक लेख लिहिला आणि एका वार्षिकाला पाठवला. संपादकांचे पत्र आले: लेख लांबला आहे, भाषा शुद्ध करा. आम्ही निमूट बसलो आणि अम्मीची आई केली. कफन-दफनचे अंत्यविधी झाले, शेरखुर्म्याची खीर झाली. लेख छापून आला. धाकट्या बहिणीने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "भाईजान, लेख चांगला आहे. पण ही आई कोणाची?"

म्हणून इन्बाल यांचे मुद्रण आम्ही जणू वकील होऊन ऐकले. पहिला भाग संपत आला आणि आम्ही चकित झालो. 1887 च्या प्रतीत तो भाग मोठ्या गजरात संपतो. सगळा वाद्यवृंद विजयाची घोषणा करतो. 1890 च्या प्रतीत तो गजर नाही. स्वर विझत विझत थांबतात, घड्याळाची टिकटिक मंदावत जावी तसे. तिसऱ्या, संथ भागाच्या शिखरावर पहिल्या प्रतीत झांजा सहा वेळा वाजतात, दुसऱ्या प्रतीत फक्त दोनदा. खरे सांगायचे तर दुसरी प्रत अधिक खोल आहे. नकाराने ब्रुकनरला जखम झाली, पण त्या जखमेतूनच ती शांतता आली.

प्रकरण इथे मिटत नाही. 1939 साली रोबेर्ट हास या संपादकाने छापलेल्या प्रतीत 1890 चा मजकूर आधाराला घेऊन, गाळलेले काही भाग 1887 मधून परत आणले. 1955 साली लेओपोल्ड नोवाक यांनी ही सरमिसळ नाकारून 1890 ची प्रत आहे तशी छापली. कारायान हासच्या बाजूचे. 1996 साली सेंट फ्लोरियनमध्येच ही सिंफनी वाजवणारे बुलेझही त्याच बाजूचे. त्यांना सव्वा तास पुरतो. नोवाकची प्रत घेणारे चेलिबिडाके 1993 साली म्युनिकमध्ये जवळजवळ पावणेदोन तास घेतात. हा फरक प्रतींचा नव्हे, श्वासाचा आहे.

आमच्या मदरशातल्या उस्तादांनी शिकवले होते की रिवायत ऐकली की आधी सनद विचारावी: कोणाकडून आली, मधे कोण होते? मजकूर कितीही गोड असला तरी हा प्रश्न सुटत नाही. हासची प्रत आम्हाला आवडते, पण तिची सनद तुटते. तशी प्रत ब्रुकनरने कधीच लिहिली नव्हती आणि त्याला विचारायचे तर तो 1896 सालीच गेलेला.

आता आमच्या लेखांचे पुस्तक निघते आहे आणि अम्मीवरचा लेख कोणत्या रूपात घ्यायचा हा प्रश्न समोर आहे. जुनी वही काढली. शेवटचे दीड पान नुसते रडणे होते. संपादकांनी ते गाळून लेख घडी घातलेल्या जानमाजवर थांबवला होता. इतकी वर्षे आम्ही त्यांना मनातल्या मनात बोल लावला, पण ती काटछाट योग्य होती. ते बरोबर होते तिथे बरोबर होते. चुकले ते शब्दांपाशी, आणि त्यात निम्मा वाटा आमच्या भित्रेपणाचा.

तेव्हा आम्ही हासचेच काम करणार आहोत. फरक इतकाच, की आम्ही अजून हयात आहोत आणि लेख आमचा आहे. शेवट संपादकांचा राहील. शेरखुर्मा परत येईल, कफन-दफन परत येईल. काय कोठून घेतले ते सुरुवातीलाच दोन ओळींत सांगू.

आणि पहिला शब्द अम्मी असेल. बहिणीला मुद्रिते पाठवली आहेत.